एकटाकी पिसारा

आधी एकच पीस पाहू. मिटलेल्या पंखाच्या बुडाशी, शेपटीवर छपराच्या पाख्यासारखी उतरणारी जी तीनचार लांब पिसे असतात, त्यांतले सर्वांत वरचे. लांबी करंगळीहून थोडी कमीच. मधोमध दाट, ओलसर काळा तपकिरी रंग, काजळाच्या डबीत बोट बुडवून एकदाच ओढल्यासारखा. त्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेला तांबूस काठ, वाटलेल्या केशरात विटेची चिमूटभर पूड पडावी तसा. आणि हा काठ बुडापासून टोकापर्यंत कुठेही तुटलेला, उसवलेला, विरलेला नाही. पैठणी पारखणारी बाई पदर पाहण्याआधी काठ बोटांत धरून पाहते. तसेच इथे करावे लागते, कारण आपल्याला जे कळायचे आहे ते पिसाच्या अंगात थोडे आणि त्याच्या काठात पुष्कळ आहे.

हे पीस ज्याच्या अंगावर आहे तो पक्षी भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागच्या खाजणात, स्वतःच्या घोट्याएवढ्या पाण्यात उभा आहे. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, दुपार कललेली, सूर्य आपल्या पाठीशी नॅशनल पार्कच्या डोंगराकडे उतरलेला. ठाण्याच्या खाडीत भरती चढू लागली की चिखल वीतवीत बुडत जातो आणि दूरवर विखुरलेले पक्षी कुणी हाकलल्याशिवाय आपल्या दिशेने सरकत येतात. म्हणून जाणती माणसे कोष्टकात चढत्या पाण्याची वेळ बघूनच घरून निघतात. आज ते जमले आहे. तिवरांच्या मुळांशी पाणी चुळचुळते आहे, स्कोपच्या, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीच्या, तीन पायांपैकी एक चिखलात खचतो आहे, आणि वर्तुळात हा एवढासा जीव. दहा रुपयांची तीनचार नाणी तळहातावर ठेवावीत, तेवढेच त्याचे वजन. मराठी पुस्तकांत छोटा टिलवा, खाडीवर भेटणाऱ्या निरीक्षकांच्या तोंडी मात्र नुसता स्टिंट. मीही स्टिंटच म्हणतो. त्या नावातच त्याची तुरुतुरु, अधीर चाल आहे.

आता त्या एका पिसावरून नजर हळूहळू वर नेऊ. मानेच्या मुळापासून दोन पांढऱ्या रेघा निघतात आणि पाठीवरून उतरत उतरत एकमेकींकडे झुकतात, खांद्यावरून घेतलेल्या उपरण्याच्या दोन पदरांसारख्या. या रेघा कुणी वेगळ्या ओढलेल्या नाहीत. पाठीच्या कडेला ओळीने बसलेल्या पिसांना फक्त एका अंगाला पांढरा काठ आहे, आणि ते काठ एकाखाली एक इतके नेमके बसले आहेत की सुटे सुटे तुकडे दुरून अखंड रेघ होतात. रांगोळीत ठिपके जुळून रेघ होते तेव्हा आपण बोटांचे कौतुक करतो. इथे बोटे नाहीत, तरी एकही ठिपका चुकलेला नाही. खांद्यांवरची पिसे काळ्या पोटाची आणि पांढऱ्या-तांबड्या काठांची. त्यांच्याखाली पंख झाकणारी लहान लहान आवरणपिसे, कौलांसारखी एकावर एक रचलेली, प्रत्येकीला बदामी कड. डोळ्यावरची पांढरी भुवई चोचीकडे जाताना दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. छातीच्या दोन्ही बगलांना फिकट बदामी धूर, मध्ये शुभ्र. पाय काळे. हा पक्षी जन्मून दोन-अडीच महिने झाले असतील.

हे वय आपण कशावरून सांगितले? ते पक्षी लहान दिसतो म्हणून नव्हे. उंचीने, चोचीने, चालीने तो पुरा वाढलेला आहे. वय सांगितले ते काठांच्या एकसारखेपणावरून. साहित्यात ‘एकटाकी’ असा एक जुना, गोड शब्द आहे: टाक एकदा शाईच्या दौतीत बुडवला आणि मजकूर संपेपर्यंत हात थांबला नाही, असे लेखन. पहिल्या वर्षीच्या पाणपक्ष्याचा पिसारा असा एकटाकी असतो. उत्तर ध्रुवाच्या जवळ, स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंतच्या वृक्षहीन टुंड्रात हा जन्मला. अंड्यातून बाहेर पडला तो लव घेऊन, आणि पहिल्याच दिवसापासून आपले किडे आपण टिपू लागला. या कुळात आईबाप पिलाला भरवत नाहीत, फक्त ऊब देतात आणि राखण करतात. (स्टिंटांत तर पुष्कळदा एक मादी दोन वेळा अंडी घालते, एक घरटे नराच्या हवाली करते आणि दुसरे स्वतः उबवते. म्हणजे कित्येक पिलांच्या वाट्याला आई नाहीतर बाप, दोघांतला एकच येतो.) मग दोनतीन आठवड्यांच्या आत, मध्यरात्रीही न मावळणाऱ्या त्या उन्हाळी सूर्याच्या उजेडात, पाठीची, खांद्याची, पंखाची, शेपटीची सारी पिसे एकदमच फुटली. सगळ्यांचा जन्म एका पंधरवड्यातला, म्हणून सगळ्यांची झीजही सारखी. सप्टेंबरात ती भांडुपला पोहोचली तेव्हा सारीच्या सारी कोरी होती.

याच थव्यात दोन हातांवर एक प्रौढ पक्षी उभा आहे, त्याच्याशी ताडून पाहा. त्याच्या पाठीवर तीन काळांचे कापड आहे. वीण संपवून आलेली तांबूस पिसे, काठ झिजून काळवंडलेली. त्यांच्यात इथे पोचल्यावर फुटलेली नवी राखाडी पिसे, मध्ये बारीक काळा दांडा असलेली. आणि पंखावर त्याहून जुनी, उन्हाने विटून चहाच्या डागासारखी झालेली आवरणे. आजीच्या गोधडीत मामाचा सदरा, मावशीची साडी आणि कुणाचे तरी न ओळखू येणारे धोतर शेजारी शेजारी नांदत असते, तशी ही पाठ. प्रौढ पक्षी पिसे हप्त्याहप्त्याने बदलतो, एका वेळी सगळी टाकून देणे त्याला परवडत नाही. उडायचे आहे, ऊब राखायची आहे. त्याने पंख उचलला तर बहुधा मधल्या उड्डाणपिसांत एक फट दिसेल, कवळीत दात नसावा तशी. सप्टेंबरात ज्याच्या पंखात अशी फट दिसली तो पहिल्या वर्षीचा नव्हे, हे डोळे झाकून सांगावे. पोराचे उड्डाणपीस अजून तीन महिन्यांचेही नाही. ते तो आताच कशाला टाकील?

मला हे कळायला वेळ लागला, आणि त्याचा पुरावा माझ्याच वहीत आहे. खाडीवर जाऊ लागलो त्या पहिल्या वर्षी मी एका पानावर तीन पक्षी नोंदवले: ‘तांबूस पाठीचा, मळकट’, ‘पांढऱ्या रेघांचा, सुबक’ आणि ‘राखाडी, साधा’. तिघांपुढे तीन वेगळी इंग्रजी नावे, आणि तिसऱ्यापुढे मोठे उद्गारचिन्ह, कारण तो माझ्या मते दुर्मीळ होता. पुढे एका थोरल्या निरीक्षकाने ते पान वाचले, काही बोलला नाही, फक्त तिन्ही नावांवरून एक महिरपी कंस काढून बाजूला ‘स्टिंट’ एवढेच लिहिले. आई, मूल आणि थंडीचे कपडे चढवलेली तीच आई, अशी ती त्रिमूर्ती होती. त्या कंसाचा मला राग आला होता, आणि नंतर त्याच कंसाने मला पक्षी पाहायला शिकवले: जात ओळखण्याआधी वय ओळखावे. पुस्तकात चित्र एका वयाचे असते आणि चिखलावर दुसऱ्याच वयाचा पक्षी उभा असतो. म्हणून रंग जुळेनासे झाले की नव्या जातीवर झेप घेण्याआधी काठ तपासावा.

काठाबद्दल आणखी थोडे. पिसाचा काळा रंग मेलॅनिनचा, आणि हे मेलॅनिन रंगाबरोबर बळही देते. जिथे ते दाट तिथे पीस टणक. जिथे पांढरे वा फिके, तिथे ठिसूळ. उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने, चिखलात पंख घासून घासून फिका काठ आधी झडतो आणि काळा गाभा उरतो. ठिपकेवाल्या तुतारीच्या किंवा सोनेरी चिखल्याच्या पंखावर काठालगत फिके ठिपके असतात. वर्ष सरता सरता ते ठिपकेच तेवढे गळून पडतात आणि पिसाच्या कडेला करवतीसारखे दाते उरतात. उंदराने कुरतडल्यासारख्या त्या पिसाकडे बघून अनभिज्ञ माणसाला पक्षी आजारी वाटतो. आपल्याला कळते की हे पीस पांढऱ्याचा त्याग करून काळ्यावर तग धरून आहे, आणि त्याच्या दात्यांच्या खोलीवरून त्याने किती महिने ऊन खाल्ले याचा अंदाज बांधता येतो. दिवाळीच्या कंदिलाचा कागद मकरसंक्रांतीपर्यंत जसा होतो, तसे हे.

पण झीज म्हणजे निव्वळ नुकसान, असे समजून आपण एप्रिलमध्ये खाडीवर गेलो तर फसू. परतीच्या प्रवासाआधी प्रौढ स्टिंट लग्नाचा पोशाख चढवतात. तो पोशाख नवा असताना मात्र भलताच फिका, धुरकट दिसतो. प्रत्येक तांबड्या पिसाच्या टोकाला राखट-पांढरी झालर असते आणि तिने खालचा रंग झाकलेला असतो. मग ती झालर उडता, फिरता, खाता खाता झिजते. आणि ती झिजते तसतसा आतला विटकरी-केशरी रंग वर येत जातो, टुंड्रावर पोहोचेपर्यंत पुरता उजळतो. म्हणजे नटायला इथे नवे काही घालावे लागत नाही, अंगावरचे वापरून विरवावे लागते. आंब्याचा रंग गवताच्या अढीत झाकून ठेवल्यावर उघडतो, हा इथे खाडीच्या उघड्या उन्हात. पीस तेच, जागा तीच, काठ गेला आणि वस्त्र बदलले. पक्ष्यांच्या देहावर इतकी हुशार काटकसर मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

खाजणातल्या चिखलातून उठून जरा वाळूवर जाऊ. अलिबागजवळ आक्षीची पुळण आहे. लांब, कठीण, ओहोटीला आरशासारखी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे सँडरलिंग येतात. लाट मागे गेली की तिच्या मागे धावतात, लाट पुढे आली की तिच्या पुढे धावतात. पाय इतके भरभर की चाके लावल्यासारखे. (जवळून पाहायला मिळाले तर पाहा, या पक्ष्याला मागचे बोटच नसते, फक्त तीन पुढची.) प्रौढ सँडरलिंग थंडीत इतका फिका होतो की फेसाचाच एक तुकडा वाऱ्यावर पळतो असे वाटावे. पण त्याच्यासोबत यंदाचे पोर असेल तर त्याची पाठ पाहून थबकायला होते: काळ्या पिसावर पांढरे मोठे ठसे, पांढऱ्यावर काळे, सारीपाट अंथरावा तशी चौकड्यांची. एक चौकडीही इकडची तिकडे नाही. मी तिथे वाळूवर पालथा पडून अर्धा तास हा पट निरखत होतो तेव्हा तिसऱ्या वेचणारी एक मावशी टोपली कमरेला टेकवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, एवढा वेळ एकालाच बघताय. तुमचा हरवलेला हाय का?” मी स्कोप तिच्यापुढे केला. ती वाकली, एक डोळा मिटायचे विसरली, मग मिटला, आणि म्हणाली, “ह्याचं अंग धुतलेलं दिसतंय. बाकीच्यांचं नाय.” कोऱ्या पिसाऱ्याचे वर्णन मी अनेक पुस्तकांत वाचले आहे, इतके थोडक्यात कुठे नाही.

याच आक्षीत एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा त्याचा काळ वाचला गेला आणि मराठीतला आद्य शिलालेख म्हणून तो प्रसिद्धी पावला. त्या वाचनावर अभ्यासकांचे एकमत मात्र झालेले नाही. वरती सूर्यचंद्र कोरलेले, खाली उन्हापावसाने झिजलेली अक्षरे. पुळणीवरून परत येताना मी त्याच्यापाशी थांबतो. एखाद्या अंकाची रेघ इकडे वळते की तिकडे, एवढ्यावर शतकांचा हिशेब फिरतो. आणि तासापूर्वी आपण वाळूवर काय करत होतो? एका झिजत चाललेल्या कडेवरून साल काढत होतो. फरक एवढाच की दगडावरची तारीख एकदा कोरली ती कोरली, पिसावरची दरवर्षी पुसून नवी लिहिली जाते, आणि पहिल्या वर्षीची तेवढी इतकी स्वच्छ असते.

आता ज्याच्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो त्या पक्ष्याकडे येऊ: बाकदार चोचीची तुतारी, इंग्रजी नावाने कर्ल्यू सँडपायपर. चोच लांब, टोकाला हलकेच खाली वळलेली, उड्डाणात शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. हिची वीण सायबेरियाच्या अगदी उत्तरेला, तैमीर द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेकडच्या टुंड्रात. ठाण्याच्या खाडीत ऑगस्टमध्ये पहिल्या तुताऱ्या उतरतात त्या सगळ्या प्रौढ असतात, आणि त्यांची दशा पाहण्यासारखी असते. लग्नातला विटकरी लाल रंग पोटावर चट्ट्याचट्ट्यांनी उरलेला, मधून मधून थंडीचा पांढरा फुटलेला, पावसाळ्यात पोपडे उडालेल्या चाळीच्या भिंतीसारखा. त्यांतही आधी येतात ते नर. अंडी उबवणे, पिले सांभाळणे यांत नराचा काही हात नसतो. तो जुलै उजाडताच दक्षिणेला निघतो. माद्या मागून निघतात. आणि पोरे? ती सर्वांत शेवटी, ऑगस्ट उतरणीला लागल्यावर, आईबाप निघून गेल्यावर, स्वतःच्या भरवशावर. वाट दाखवणारे कुणी नसते. सप्टेंबरात ती इथे पोचतात.

त्या पोराच्या छातीवर स्कोप स्थिर करा. पिकत आलेल्या पीचच्या सालीवर असते तशी फिकी, धूसर केशरी झाक. पुष्कळांना ही झाक ऊन बदलले की दिसते आणि ढग आला की हरवते. पाठीवर खवले. प्रत्येक पीस राखट तपकिरी, कडेच्या जरा आत एक बारीक काळी रेघ, आणि तिच्या बाहेर दुधी काठ. पुस्तकाच्या पानाला समास आखून त्याच्या आत आणखी एक रेघ मारावी तसे. शंभरेक पिसे, शंभर समास, सगळे सारख्या जाडीचे. पोपडे उडालेल्या प्रौढाशेजारी हा पक्षी एखाद्या पहिलीतल्या मुलासारखा दिसतो: नवा गणवेश, भांग पाडलेला, आणि सहा-सात हजार किलोमीटर एकटा आलेला.

इथे सौंदर्याच्या जोडीला एक विलक्षण हिशेब येतो. तैमीरच्या टुंड्रात लेमिंग नावाचा उंदराच्या जातीचा गुबगुबीत प्राणी असतो. तीनचार वर्षांच्या फेऱ्याने त्याची संख्या बेसुमार वाढते आणि मग कोसळते. भरपूर लेमिंग असतील त्या उन्हाळ्यात ध्रुवीय कोल्हे, घुबडे, स्कुआ त्यांच्यावर पोसतात आणि जमिनीवरच्या घरट्यांकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही. लेमिंग कोसळले की त्याच वाढलेल्या कोल्ह्यांची पोटे अंड्यांवर आणि पिलांवर भरतात. मग त्या शरदात दक्षिणेकडे येणाऱ्या थव्यांत पोरे जवळजवळ नसतातच. १९८०च्या दशकात संशोधकांनी पाहिले की पश्चिम युरोपात थंडी काढणारे ब्रेंट गूज आणि दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्या या तुताऱ्या, या दोघांच्या थव्यांतले कोवळ्यांचे प्रमाण वर्षावर्षाला एकदमच चढते आणि एकदमच उतरते. पक्षी दोन, खंड दोन, पण जन्मभूमी एक, आणि तिथला कोल्हाही एकच. म्हणून ज्या सप्टेंबरात भांडुपला दुधी काठांचे खवले ठायी ठायी दिसतात त्या सप्टेंबरात मी मनातल्या मनात म्हणतो, यंदा तैमीरला उंदीर बख्खळ झालेले दिसतात. आणि ज्या वर्षी तासभर शोधूनही नुसते पोपडेच पोपडे हाती लागतात, त्या वर्षी त्या न पाहिलेल्या टुंड्रातली एक भुकेली कोल्हीण डोळ्यांपुढे उभी राहते. ऐरोलीच्या पुलावरून वाहने धावत असतात, खाडीला वास येत असतो, आणि आपण एका पिसाच्या कडेवरून हजारो मैलांवरच्या उन्हाळ्याची बातमी वाचत असतो.

बाकीच्यांबद्दल भराभर सांगतो, कारण एकदा डोळा बसला की ते आपले आपण सापडतात. लाल पायांच्या टिलव्याचे पोर असेल तर पाय लाल नसतात, नारिंगी-पिवळे असतात. शेकाट्याच्या पोराची पाठ काळी नसून तपकिरी, बदामी काठांची, आणि उडताना पंखाच्या मागच्या कडेला पांढरी फीत दिसते. त्याच्या डोक्यावरच्या काळ्या-राखाडी डागांवरून मात्र वय सांगायच्या फंदात पडू नये; ते डाग प्रौढांतही हवे तसे बदलतात. आपली घरची टिटवी, जिला खाडी नको की स्कोप नको, तिच्या पोराचा गळा पांढुरका असतो, आईसारखा काळा कुळकुळीत नसतो, आणि डोळ्यापुढची लाल लोळी नुसती सुचवल्यासारखी. पुढच्या पावसाळ्यात माळावर टिटवी ओरडली की तिच्या गळ्याकडे पाहा.

आता काळ पुढे सरकवू. नोव्हेंबर. सप्टेंबरातला तो एकटाकी स्टिंट आता एकटाकी राहिलेला नाही. पाठीवरच्या पांढऱ्या रेघा गेल्या. खांद्यांवर थंडीची राखाडी पिसे फुटली, मऊ, निवांत, कसलीही नक्षी नसलेली. दुरून तो आणि प्रौढ यांत काही फरक उरलेला नाही, आणि थव्यावरून नुसती नजर फिरवणाऱ्याला सारे एका वयाचे वाटतील. पण पाठ आणि खांदे बदलले तरी पंखावरची आवरणे त्याने अजून टाकलेली नाहीत. नव्या राखाडीच्या खाली सप्टेंबरातली बदामी कडेची कौले तशीच आहेत. वाडा पाडून इमारत बांधली, पण तळमजल्याची एक भिंत आणि तिच्यातला कोनाडा राहू दिला, असे जुन्या पुण्यात कुठे कुठे दिसते, तसे हे. प्रेटर, मार्चंट आणि व्हुओरिनेन या तिघांनी १९७७ साली पाणपक्ष्यांचे वय ओळखण्याची जी मार्गदर्शिका काढली, तीत हातात धरलेल्या पक्ष्याचा पंख उलगडून आतल्या बाजूची मधली आवरणपिसे पाहा असे पुन्हा पुन्हा बजावले आहे. वय लपवायला पक्ष्याला सर्वांत शेवटी जी जागा सापडते ती हीच. आपण पक्षी हातात धरत नाही. आपल्याला वाऱ्याची वाट पाहावी लागते.

जानेवारीतल्या एका दुपारी मी पुन्हा त्याच ठिकाणी उभा होतो. उत्तरेचा वारा, पाणी चढते, तीसचाळीस स्टिंट चोची पाठीत खुपसून एका पायावर झोपलेले. सगळे राखाडी, सगळे सारखे. मी एकेकाच्या पंखावर स्कोप नेत होतो आणि हाती काही लागत नव्हते, कारण खांद्याची सैल पिसे पंखावर उतरून आवरणे झाकून टाकतात. मग मागून एक झुळूक आली. सर्वांत कडेच्या पक्ष्याच्या खांद्यावरची तीन पिसे क्षणभर उलटी उभी राहिली आणि त्यांच्याखाली, पंखाच्या आतल्या घडीत, एक लहानसे पीस दिसले: गाभा विटून तपकिरी झालेला, टोक झिजून बोथट, आणि एका बाजूला, नखाएवढ्या जागेत, फिकट बदामी काठाचा उरलेला धागा. पक्ष्याने झोपेतच खांदा हलवला, राखाडी पिसे पुन्हा जागेवर बसली.